कोंबडीखाद्यातली मांस-हाडांची भुकटी : पोषण किती, काळजी कोणती?

बीड जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा मोठा, तरी कोंबडीपालनात सगळ्यात जास्त पैसा खाद्यावरच जातो. एकूण खर्चाच्या साधारण ६५ ते ७० टक्के. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी महागली की ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. अशा वेळी कत्तलखान्यातल्या उरलेल्या भागांपासून बनवलेल्या भुकटीकडे पालकांचं लक्ष जातं.

कशात किती प्रथिनं? सोयापेंडीत ४४ ते ४८ टक्के, मांस-हाडांच्या भुकटीत सुमारे ५० टक्के, रक्ताच्या आणि पिसांच्या भुकटीत ८० टक्क्यांच्या वर. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कच्ची पिसं कोंबडीला जवळजवळ पचतच नाहीत. ती दाबाखाली वाफेवर शिजवावी लागतात. तरीही त्यात लायसिन आणि मेथिओनिन कमीच. रक्ताच्या भुकटीत लायसिन भरपूर, पण आयसोल्युसिन फार कमी. म्हणून सोयापेंड पूर्ण काढून त्या जागी ही भुकटी टाकली, तर वजन आणि अंडी दोन्ही घटतात.

मांस-हाडांच्या भुकटीचा खरा फायदा खनिजांचा. तिच्यात कॅल्शियम साधारण ८ ते १० टक्के आणि फॉस्फरस ४ ते ५ टक्के असतं, आणि हे फॉस्फरस धान्यातल्यापेक्षा चांगलं पचतं. ती वापरली तर खाद्यातला चुना आणि डीसीपी तेवढा कमी करावा.

प्रमाण : १०० किलो खाद्यात मांस-हाडांची भुकटी ५ किलोपर्यंत, रक्ताची किंवा पिसांची २ ते ३ किलोपर्यंत ठेवणं बरं. खवट वास आला तर पोतं परत करा. चिकनच्या दुकानातले कच्चे आतडे-पिसं थेट घालू नका; त्यातून साल्मोनेला आणि इतर रोग खुराड्यात येतात.

शेळ्यांना नको : आपल्याकडे बऱ्याच घरांत कोंबड्या आणि शेळ्या एकत्रच असतात. एफएसएसएआयच्या नियमानुसार गाय-म्हैस वर्गातल्या किंवा डुकराच्या मांस, हाड, रक्ताची भुकटी असलेलं खाद्य दूध-मांसाच्या जनावरांना देता येत नाही. सूट फक्त कोंबडी, डुक्कर आणि मासे यांना आहे. म्हणून कोंबडीखाद्याचं पोतं शेळ्यांपासून लांब ठेवा. कुर्बानीच्या बकऱ्यालाही ते देऊ नका.

हलालचं काय? घाण खाणाऱ्या जनावराला फिकहमध्ये ‘जल्लाला’ म्हणतात. हनफी किताबांनुसार त्या घाणीचा वास मांसात उतरला नसेल तर मांस हलालच. शंका असेल तर कोंबडी तीन दिवस बांधून स्वच्छ दाणा द्यावा, असं सांगितलं आहे. भुकटी कोणत्या जनावराची आहे हे विक्रेत्याला विचारून घ्या आणि मसला आपल्या आलिमांकडून समजून घ्या.

पोतं घेताना प्रथिनांच्या आकड्यासोबत घटकांची यादी आणि तारीखही वाचा. घरी खाद्य बनवत असाल तर सोयापेंड हाच पाया ठेवा. भुकटी फक्त जोडीला.