एक एकर बाईचा, सातबारा कुणाचा?

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलंय. डोक्यावर पाटी घेतलेल्या हसऱ्या बाईचे फोटो आता वर्षभर फिरतील. मला मात्र माझी आई आठवते. औसा तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू. खुरपणी, काढणी, राशी, सगळं तिनं केलं. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते वडील गेल्यावर, वारस म्हणून. तोवर कागदावर ती शेतकरी नव्हतीच.

म्हणून आज आमच्याच भागाचा थोडा इतिहास सांगतो. पोस्ट लांबेल, पण वाचा.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि किल्लारी, सास्तूर परिसरातली गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचं कर्ज आलं. पार उद्ध्वस्त झालेली गावं नव्या जागी बसवली गेली. जिथं घरांना तडे गेले होते, अशा हजाराहून जास्त गावांत लोकांनी अनुदान घेऊन आपली घरं आपणच दुरुस्त करायची, असं ठरलं.

पण हे घरोघरी समजावणार कोण? त्यासाठी गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्या मागे उभी होती. कालपर्यंत चावडीपुढून जाताना पदर ओढून घेणाऱ्या बायका आता अनुदानाचा हप्ता आला का, काम नीट झालं का, हे इंजिनिअरला विचारू लागल्या. आमच्याकडचा खरा बदल मी तिथून मोजतो. २००१ साली भूजला भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या बायका तिकडच्या बायकांना अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या. मदत घेणाऱ्या बायका आठ वर्षांत मदत देणाऱ्या झाल्या.

मग आला दुष्काळ. २०१२ पासून एकामागून एक वाईट वर्षं. तोवर रानात सोयाबीन आणि ऊस. दोन्ही नगदी पिकं, आणि त्यांचा पैसा पुरुषाच्या हातात. पीक गेलं की घरात खायलाही काही नाही. तेव्हा बचत गटांतल्या बायकांनी घरात एक साधी मागणी केली: अर्धा-एक एकर मला द्या, त्यात काय पेरायचं ते मी ठरवीन. त्या तुकड्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला असं मिसळून पेरलं. बी गावरान, गांडूळखत घरचं, फवारणीला दशपर्णी अर्क. पाणी कमी, खर्च कमी, आणि एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी. आधी घरचं ताट भरायचं, उरलं तर बाजार.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना आठवत असेल. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर पुरस्कार' या संस्थेला मिळाला. तो सोहळा मोरोक्कोतल्या माराकेशला झाला. पाण्याच्या रेल्वेची बातमी घराघरात पोचली. ही बातमी किती जणांना कळली?

आता मुद्द्याची गोष्ट. तो एक एकर बाईला मिळाला तो नवऱ्याच्या शब्दावर. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही. उद्या त्याचं मन फिरलं, भावकीत वाटणी निघाली, जमीन गहाण पडली, तर तिचं गांडूळखत कुठं ओतायचं? पीककर्ज, पीकविमा, शेतकरी सन्मान निधी, सगळं त्या उताऱ्यापाशी येऊन अडतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात महिला खातेदार सुमारे १४ टक्केच होत्या.

जागतिक बँक कर्ज देईल, संयुक्त राष्ट्रं पुरस्कार देतील. पण सातबाऱ्यावर नाव चढवणं रोम-न्यूयॉर्कच्या हातात नाही, ते आपल्या घरात ठरतं. आणि हे आपल्याकडं फार आधी कुणीतरी ओळखलं होतं. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते चाकणजवळ कोरडवाहू शेती करायला आले. १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं आणि पुढं शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती' हाती घेतली: नवऱ्यानं जिवंतपणी, राजीखुशीनं बायकोच्या नावावर जमीन करायची. कित्येक गावांत शेतकऱ्यांनी ती केलीही. परदेशी पैसा नव्हता, होती ती फक्त लाज आणि कृतज्ञता. पुढं शासनानंही याच नावानं योजना आणली. नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची तरतूद आहे. वापरतो कोण?

माझ्या वडिलांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तरी माझ्या वाटणीच्या दोन एकरांवर बायकोचं नाव लावायला मी इतकी वर्षं घालवली. गेल्या महिन्यात अर्ज दिला. बायको म्हणाली, "आता कसं काय सुचलं?" उत्तर नव्हतं माझ्याकडं.

महिला शेतकरी वर्षाचे फोटो जरूर पाठवा. त्याआधी एकदा घरचा सातबारा काढून बघा.