शिक्का आणि मोर्तब

पुणे-सातारा हायवेवर शनिवारी सकाळी दर चार गाड्यांमागे एका गाडीच्या काचेवर अष्टकोनी राजमुद्रा दिसते. त्यातल्या बऱ्याच गाड्या तोरणा नाहीतर राजगडाकडे निघालेल्या असतात. मुद्रेचा अर्थ शाळेत शिकलेला असतो: प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी, जगाला वंद्य अशी शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते. छान आहे. पण मंडळी, ही मुद्रा उमटायची कशावर?

तर कागदावर! मुद्रा म्हणजे मुळात कामाची वस्तू. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला की तिथे लहान मोर्तब, म्हणजे खाली कोणी हळूच एखादी ओळ घुसडू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला रोजचा शब्द इथलाच. आज डिजिटल सहीचा सातबारा जे काम करतो, तेच हे. पाठवणारा खरा आहे आणि मजकुरात फेरफार झालेला नाही, एवढी खात्री द्यायची.

या मुद्रेची विश्वसनीय मानली जाणारी जी सर्वात जुनी पत्रं हाती आहेत, त्यातलं एक २८ जानेवारी १६४६ चं. ते भोर तालुक्यातल्या रांझे गावाबद्दल आहे. तिथला पाटील बाबाजी भिकाजी गुजर याने एका स्त्रीशी बदअंमल केला. चौकशी झाली, गुन्हा शाबित झाला. त्याचे हातपाय तोडले आणि पाटिलकी काढून घेतली. मग त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराने त्याला सांभाळायची तयारी दाखवली, तेव्हा पाटिलकी सोनजीला दिली. शिवाजीराजांना तेव्हा सोळावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं.

शिक्षा आज आपल्याला क्रूर वाटेल, ती त्या काळाची होती. पण पाटील म्हणजे गावातली सत्ता. सत्तेविरुद्ध तक्रार ऐकली गेली आणि निकालाच्या कागदावर ‘कल्याणासाठी’ म्हणणारी मुद्रा उमटली. शहाजीराजांची आणि जिजाबाईंची मुद्रा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फारसीत होती, ही संस्कृतात. भाषा बदलली याचं कौतुक आपण नेहमी करतो. पण मला जास्त भारी वाटतं ते हे, की मुद्रेवर लिहिलेलं आणि खालच्या पत्रात केलेलं एकमेकांशी जुळतं.

हे जुळणं तपासायला पुढे माणूसही नेमलेला होता. अष्टप्रधानातले सचिव. राजपत्रं बारकाईने वाचायची, कमीजास्त अक्षर दुरुस्त करायचं आणि मग आपलं ‘संमत’ चिन्ह करायचं. आमच्या भाषेत कोड रिव्ह्यू! राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले आणि त्यांच्याच घराण्याचं भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत चाललं. संस्थानिकांचा किताब ‘पंत सचिव’ असा होता.

प्रतीकं आजही बनतातच. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाचं नवं निशाण आलं, त्यातला अष्टकोन याच मुद्रेवरून घेतलेला. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. अशोकस्तंभाचे सिंह कोणीही कुठेही लावू नयेत म्हणून २००५ चा कायदा आहे. राजमुद्रा मात्र आपण टीशर्टवर, कीचेनवर, मोबाईलच्या कव्हरवर मिरवतो. मिरवावी, माझं काही म्हणणं नाही. पण जिच्याखाली एका बाईची तक्रार निकाली निघाली, ती मुद्रा काचेवर लावून रस्त्यात एखाद्या मुलीला कट मारणं म्हणजे मजकूर वेगळा आणि शिक्का वेगळा. पंत सचिवांनी असा कागद परत पाठवला असता.

असो. पुढच्या वेळी राजगडाला निघालात तर वाट थोडी वाकडी करून रांझ्याला जाऊन या.