त्रोलोयोच्या कबरी आणि आपला शक

इंडोनेशियातील जावा बेटाच्या पूर्व भागात, सुराबाया शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे साठ किलोमीटरवर सेंतोनोरेजो नावाचे गाव आहे. भाताची खाचरे, उसाचे फड, कौलारू घरे आणि वीटभट्ट्यांचा धूर. आपल्याकडचा माणूस तिथे उतरला, तर त्याला फारसे परके वाटू नये. पण या गावच्या मातीत कुदळ मारली की लाल विटा लागतात, आणि त्या आजच्या नसतात. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे सुमारे दोनशे वर्षे जावावर राज्य केलेल्या माजापाहित साम्राज्याची राजधानी इथेच, त्रोवुलान परिसरात, सुमारे अकरा बाय नऊ किलोमीटरच्या टापूत पसरली होती. राजवाड्याचे म्हणून जे अवशेष दाखवतात, त्यांतले काही सेंतोनोरेजोच्याच हद्दीत आहेत. आणि याच गावात त्रोलोयोचे कब्रस्तान आहे.

माजापाहित हे हिंदू-बौद्ध राज्य. राजा हयाम वुरुक याने १३५० ते १३८९ पर्यंत राज्य केले. त्याच्या दरबारातील बौद्ध कवी प्रपंच याने शके १२८७ मध्ये, म्हणजे १३६५ साली, 'नागरकृतागम' हे काव्य लिहून राजधानीचे वर्णन केले. परदेशांतून येणाऱ्यांची यादी देताना त्याने कर्नाटक आणि गौड या भारतातल्या मुलखांचीही नावे घेतली आहेत. मुसलमानांविषयी मात्र तो बोलत नाही.

प्रपंच बोलत नाही, पण दगड बोलतात. त्रोवुलानात सापडलेल्या एका मुस्लिम कबरीच्या दगडावर शके १२९० हे साल आहे, म्हणजे इ.स. १३६८-६९. त्रोलोयोच्या कबरींतील सर्वांत जुने साल शके १२९८, म्हणजे १३७६-७७, आणि शेवटचे १६११ पर्यंत येते. प्रपंचाचे काव्य पुरे होऊन जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती, हयाम वुरुक गादीवर होता, साम्राज्य ऐन वैभवात होते, आणि राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर कलमा पढणाऱ्यांना दफन केले जात होते. लुई-शार्ल दामे या फ्रेंच अभ्यासकाने १९५७ साली या कबरींच्या सालांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा पुरावा नाकारण्याची सोय राहिलेली नाही.

आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती या सालांची लिपी. दगडांवर कुराणाच्या आयती आणि दुआ अरबीत आहेत, पण साल हिजरी नाही. ते शक संवताचे आहे आणि आकडे जुन्या जावानी वळणाचे आहेत. काही दगडांवर तर माजापाहितच्या राजचिन्हासारखे किरणांचे सूर्यमंडळही कोरलेले आहे. किनाऱ्यावर वेगळे दिसते. ग्रेसिक बंदरातील मलिक इब्राहिम यांच्या कबरीवर हिजरी ८२२ (इ.स. १४१९) आहे आणि तो दगड आपल्या गुजरातेतील खंबायतच्या कारागिरीचा. त्याजवळच्या लेरानची फातिमा बिंत मैमून हिची कबर आणखी जुनी, हिजरी ४७५ ची. बंदरावरच्या मुसलमानाचे नाते समुद्रापलीकडे होते, म्हणून तो हिजरी लिहितो. राजधानीतला मुसलमान शक लिहितो, कारण ते त्याच्या घरचे पंचांग आहे. इतिहासकार रिकलेफ्स यांनी यावरून असे म्हटले की, हे परदेशी व्यापारी नसून प्रतिष्ठित जावानी लोक असावेत, कदाचित राजघराण्यातलेही. नक्षीकाम आणि राजवाड्याची जवळीक पाहता आम्हांलाही तेच पटते.

हा शक म्हणजे आपला शालिवाहन शकच, इ.स. ७८ चा. महाराष्ट्रात गुढीपाडव्याला जो बदलतो तो. इकडे उलटा व्यवहार पाहा. पेशव्यांच्या दफ्तरात ब्राह्मण कारकून सालासाठी शुहूर सन वापरीत आणि इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा असे अरबी आकडे मोडीत लिहीत. तो सन सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होई, म्हणून शेतकऱ्याला आणि वसुलीला सोयीचा. पुण्याचा कारकून अरबीत साल मोजतो आणि जावाचा मुसलमान आपल्या कबरीवर शक कोरतो! दोघांनाही त्यात काही अडले नाही.

पुढे १६३३ साली मातारामच्या सुलतान आगुंगने जावाचे पंचांग बदलले. महिने हिजरीचे चांद्र घेतले, पण सालाची गणना शके १५५५ पासून तशीच पुढे चालू ठेवली. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे आज जावानी साल आपल्या शकाच्या सुमारे बारा वर्षे पुढे पळाले आहे, एवढाच काय तो फरक.

जावात एक जुनी समजूत आहे की शके १४०० मध्ये, म्हणजे १४७८ साली, देमाकच्या मुसलमानांनी माजापाहित बुडवले आणि तेव्हापासून बेटावर इस्लाम आला. राज्ये एकमेकांना बुडवतात यात नवल नाही. पण 'तेव्हापासून' हा शब्द त्रोलोयोचे दगड खोडून काढतात. त्याच्या शंभर वर्षे आधी मुसलमान राजधानीत राहत होते आणि तिथल्याच मातीत पुरले जात होते. चीनच्या आरमाराबरोबर आलेला मा हुआन हा स्वतः मुसलमान. त्याने पंधराव्या शतकाच्या आरंभी इथल्या तीन प्रकारच्या लोकांत पश्चिमेकडून आलेल्या मुसलमानांना वेगळे मोजले आहे.

आज त्रोलोयोला झियारतीसाठी मोठी गर्दी होते, ती मुख्यतः शेख जुमादिल कुब्रो यांच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या कबरीकडे. त्यांच्या नावाची कबर जावात इतरत्रही दाखवतात. भाविक तिथे फातिहा पढतो आणि सालाचे दगड बाजूलाच राहतात. श्रद्धेविषयी आमचे काही म्हणणे नाही, पण तेवढी नजर इकडेही वळली तर बरे.

खरा धोका दुसरीकडून आहे. या परिसरातली माती विटांना उत्तम, आणि वीट पाडण्यात शेतीपेक्षा पैसा लवकर हाती येतो. त्यामुळे शेतेच्या शेते खणून खोल गेली आणि त्यांबरोबर जुने पाये, विहिरी, फरसबंदी गेली. पूर्वी तर माजापाहितच्या विटा कुटून त्यांची लाल पूड बांधकामाला विकीत. १९१४ साली उंदीर फार झाले म्हणून लोकांनी एक टेकाड खणले आणि आत विटांचे देखणे स्नानकुंड निघाले. त्याचे नावच 'चांदी तिकुस', उंदरांचे मंदिर, पडले. त्या वेळी कुदळीने वाचवले, एरवी तीच कुदळ नासधूस करते. गरीब शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण २००८ च्या अखेरीस सरकारनेच संग्रहालयाशेजारी माहिती केंद्राचे खड्डे खणून जुन्या भिंती तोडल्या आणि ओरड झाल्यावर २००९ च्या जानेवारीत काम थांबवले. २०१३ मध्ये पोलादाच्या कारखान्याविरुद्ध लोक उठले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा परिसर राष्ट्रीय वारसा क्षेत्र म्हणून जाहीर झाला. वीटभट्ट्या मात्र जाहीरनाम्याने विझत नाहीत. वीट पाडणाऱ्याच्या पोटाला दुसरे काही द्यावे लागते.