खेकड्याची कुळकथा

चिनी इंटरनेटवर नदीतला खेकडा म्हणजे सेन्सॉर, आणि हा खेकडा जन्माला आला सरकारच्याच शब्दातून. 2004 मध्ये, हू जिंताओ यांच्या काळात, कम्युनिस्ट पक्षाने ‘सुसंवादी समाज’ घडवण्याचं ध्येय जाहीर केलं. त्याच सुसंवादाच्या नावाखाली मजकूर उडू लागला, तेव्हा लोक ‘माझ्या पोस्टचा सुसंवाद झाला’ असं म्हणू लागले. या बोलण्यावरही नजर गेली, तसा खेकडा पुढे आला. मँडरिनमध्ये सूर बाजूला ठेवले तर वेगळे उच्चार जेमतेम 400. त्यामुळे कोटीला तोटा नाही. सुसंवादही ‘हशिये’, नदीतला खेकडाही ‘हशिये’; फरक शेवटच्या सुराचा. संगणकाची गाळणी लिहिलेली अक्षरं ताडून पाहते. वाचणाऱ्याच्या मनात मात्र उच्चार घुमतो.

जानेवारी 2009 मध्ये सरकारने इंटरनेटवरच्या ‘असभ्य’ मजकुराविरुद्ध मोहीम उघडली. त्याच सुमारास बायडूच्या विश्वकोशात काही कपोलकल्पित प्राण्यांच्या नोंदी अवतरल्या. त्यातला ‘त्साव-नी-मा’, म्हणजे गवत-चिखल-घोडा, दिसायला गोंडस अल्पाका; सूर बदलला की आईवरून शिवी. निरागस बालस्वरांतल्या एका गाण्यात हे घोडे कुरणावर चालून आलेल्या खेकड्यांना पिटाळतात, आणि ते गाणं चीनभर पसरलं.

ही नुसती गाळणी चुकवण्याची पळवाट होती, असं म्हणता येईल. पण पळवाट गुप्त राहिली तरच उपयोगाची. इथे अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, सेन्सॉरलाही; खेकडा पुसायचा तर त्याचा अर्थ आपल्याला समजला हे त्याला कबूल करावं लागे. दुसरा आक्षेप जड आहे: हसून लोकांचा राग निवळतो आणि सत्ता जागच्या जागी राहते. कोटीने सेन्सॉरशिप संपली नाही, हे खरंच. पण हसणारे नेहमी पडद्यामागेच राहिले, हे खरं नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये चित्रशिल्पकार आय वेवे यांनी शांघायमधला आपला स्टुडिओ पाडला जाणार म्हणून तिथे खेकड्यांची मेजवानी ठेवली. त्यांना बीजिंगच्या घरात स्थानबद्ध केलं गेलं. तरी शेकडो माणसं शांघायला पोचली आणि त्यांनी उघड्यावर बसून खेकडे फोडून खाल्ले. ‘हशिये’चा अर्थ त्या प्रत्येकाला माहीत होता, आणि आपल्यासारखे आणखी किती आहेत हेही तिथे डोळ्यांनी दिसलं. सेन्सॉरशिप माणसाला एकटं पाडते. या कोटीने ते एकटेपण मोडलं, म्हणून मी तिला निषेधच म्हणतो. जानेवारी 2011 मध्ये स्टुडिओ जमीनदोस्त झाला, आणि एप्रिलमध्ये आय वेवे यांना पकडून 81 दिवस कोठडीत ठेवलं गेलं.