खावटी : कर्ज, देणगी की हक्क?



आम्ही कामगार चळवळीतील माणसे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा मजुरीच्या हिशेबांतूनच अधिक झाले. म्हणून धान्याचा इतिहासही आम्ही त्याच वहीतून वाचतो. त्या वहीतील एक जुना शब्द म्हणजे ‘खावटी’.

जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत उन्हाळ्यात मोहफूल असते, तेंदूपानाची मजुरी असते. पावसाळा लागला की मजुरी थांबते, कोठीतले धान संपत येते, आणि नवे धान दिवाळीच्या आगेमागे हाती येते. या मधल्या महिन्यांत पोटासाठी उसने घ्यावयाचे धान्य, ती खावटी. सावकाराच्या वहीत अंगठा उठवावयाचा आणि सुगीला दिढीने फेड करावयाची. फेडून उरलेल्या धानावर वर्ष निघत नसे; पुढल्या आषाढात पुन्हा तोच उंबरठा.

सरकारी धान्य आले, ते प्रथम जंगलासाठी नव्हे. महायुद्धाच्या टंचाईत, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग सुरू झाले. शहर उपाशी राहिले तर गिरण्या व गोदी थांबणार होत्या. रानात कोणी उपाशी निजला, तर कोणते यंत्र थांबणार होते?

राज्य सरकारने खावटी हाती घेतली ती १९७८ साली. आदिवासी विकास महामंडळामार्फत काही रोख, काही वस्तुरूपाने ती मिळू लागली. सावकाराचा उंबरठा टळला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु तीही कर्जच होती. भुकेलेला माणूस ऋणकोच राहिला. २०२० साली तिचे अनुदान झाले : कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख व निम्म्याचा किराणा. कर्ज गेले, पण हे देणे एका वर्षापुरतेच होते.

हक्काची भाषा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने केली. अंत्योदय कुटुंबास महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. कर्ज फेडावे लागते, देणगीबद्दल आभार मानावे लागतात. हक्क मात्र मागता येतो, आणि नाकारला तर जाब विचारता येतो. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच.

परंतु पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तेथे पावसाआधी धान्य पोचले नाही, तर कायदा अलीकडच्या काठावरच राहतो. बांबू तोडून रेषा झिजलेला एका म्हातारीचा अंगठा रेशन दुकानातील यंत्राने ओळखला नाही, आणि ती रिकामी पिशवी घेऊन परतली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तिच्या सासऱ्याचा अंगठा सावकाराने मात्र कधी नाकारला नव्हता!

म्हणून आमचे मागणे साधे आहे : धान्य मृगाआधी गावात पोचावे, आणि अंगठा उमटला नाही म्हणून कोणी उपाशी परतू नये.