नोंदवहीबाहेरची सुईण

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर काही वर्षांपूर्वी मी एका आजींच्या घरी गेले होते. जुन्या बाळंतपणाच्या चालीरीतींची टिपणे काढत हिंडायचे, हा माझा तेव्हाचा उद्योग. बोलता बोलता आजी उठल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेतून एक ॲल्युमिनियमची पेटी काढून माझ्यापुढे ठेवली. आत गंजलेली कात्री, एक वाटी, नखे घासायचा ब्रश. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता. दाई प्रशिक्षण पूर्ण केल्याचे ते प्रमाणपत्र. त्यावर नाव, गाव आणि वैद्यकीय अधिकाऱ्याची सही होती. कागदपत्रांत आयुष्य गेल्यामुळे मला सवय लागली आहे. मी तो कागद उलटासुलटा करून नोंदणी क्रमांक शोधू लागले. आजींच्या ते लक्षात आले. म्हणाल्या, “नंबर नाय दिला, ताई. पेटी दिली.”

पेटी दिली आणि नंबर दिला नाही, हे असे का झाले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. शहापूर-मुरबाडकडे बाळंतपण करणाऱ्या बाईला लोक सुईण म्हणतात. सरकारी योजनेत ती दाई होते. कायद्यात मात्र शब्द आहे ‘प्रसाविका’. वाचणाऱ्याला ही एकाच बाईची तीन नावे वाटतील, पण तसे नाही. प्रसाविका म्हणवून घ्यायला आज बारावी व्हावे लागते. मग दोन वर्षांचा सहायक परिचारिका प्रसाविकेचा, म्हणजे ‘एएनएम’चा अभ्यासक्रम, तीन वर्षांचा ‘जीएनएम’ किंवा चार वर्षांची परिचर्येची पदवी; मान्य संस्थेत शिक्षण, परीक्षा आणि शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव. त्या नावापुढे जो क्रमांक पडतो, तो तिचा व्यवसाय करण्याचा हक्क. सुईणीकडे यातले काही नसते. तिचे शिक्षण सासूच्या किंवा आईच्या हाताखाली होते, परीक्षा बाळंतिणीच्या अंथरुणाशी होते, आणि निकाल गाव ठरवते.

गाव हा निकाल किती काळापासून ठरवत आले, याचा अंदाज १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरवरून येतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा हा तेरावा खंड. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके त्यात आहेत, आणि जातवार दिलेल्या चालीरीतींमध्ये जन्माचे विधीही आहेत. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. डॉ. ईडिथ पीची या इंग्रज स्त्री-डॉक्टरने ते नावारूपाला आणले. १९२६ मध्ये परळला वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. शहापूरहून ही रुग्णालये लांब नव्हती. आसनगावावरून रेल्वे जात होती. १८९२ पासून तर शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईला जात होते. पाणी खाली गेले; शिकलेली प्रसाविका मात्र घाटाच्या पायथ्याशी वर आली नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९०३ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ एक निधी उभा केला. त्याचा हेतूच देशी दाईंना शिकवण्याचा होता. पण निधी शिष्यवृत्तीचा, शिकवणार रुग्णालयात आणि रुग्णालये शहरांत. चार पोरे आणि भाताची लावणी सोडून डोंगरातली बाई महिनोन्महिने शहरात येऊन राहील, हे गृहीतच चुकीचे होते. पुढे १९३५ मध्ये मुंबई इलाख्यात परिचारिका, प्रसाविका आणि आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीचा कायदा झाला. नोंदवही उघडली ती तेव्हा. १९५४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आला. नाव दर वेळी बदलले. नोंदवहीत शिरायचे दार एकच राहिले, मान्य संस्थेतल्या शिक्षणाचे.

इथे इंग्लंडकडे पाहणे भाग आहे, कारण नोंदवहीची ही कल्पनाच तिथून आली. इंग्लंडमध्ये प्रसाविकांचा कायदा झाला १९०२ साली. तोपर्यंत तिथल्या खेड्यांतही शाळेचे तोंड न पाहिलेल्या सुईणीच बाळंतपणे करत होत्या. कायदा करणाऱ्यांपुढे प्रश्न होता की त्यांचे करायचे काय? त्यांनी एक वाट काढली. कायदा मंजूर झाला त्या वेळी जी बाई किमान वर्षभर प्रामाणिकपणे हे काम करत आहे आणि जिच्या वर्तनाबद्दल चांगला दाखला आहे, तिला परीक्षा न देता नोंदवहीत घेतले जाईल, मात्र मुदतीत अर्ज केला पाहिजे. १९०५ मध्ये नोंदवही तयार झाली तेव्हा तिच्यातली अर्ध्याहून अधिक नावे अशा न शिकलेल्या सुईणींची होती.

हा काही उदारपणा नव्हता. नोंद झाली की बाई देखरेखीखाली आली. तिची पिशवी तपासता येऊ लागली, तिने कधी डॉक्टरला बोलावले पाहिजे याचे नियम लागू झाले, चुकली तर नाव काढता येऊ लागले. म्हातारी सुईण एका पिढीत काळाआड जाणार होती, पण ती गेली ते नोंदवहीतून गेली. तिच्या जागी शिकलेली प्रसाविका आली ती त्याच वहीच्या पुढच्या पानावर. दोघींची साखळी तुटली नाही.

आपल्याकडे हे एक पाऊल राहून गेले. कोणाचा दुष्टपणा होता म्हणून नव्हे. भोर समितीने १९४६ च्या अहवालात चित्र मांडले आहे. देशात शिकलेल्या प्रसाविका सुमारे ५,०००, आणि गरोदरपण-बाळंतपणातून दरवर्षी मरणाऱ्या स्त्रिया सुमारे दोन लाख. पुरेशा प्रसाविका तयार होईपर्यंत दाईला शिकवून वापरावे लागेल, हे समितीला कळत होते. पण ‘वापरावे लागेल’ याचा अर्थ तात्पुरती सोय. तात्पुरत्या सोयीला कोणी क्रमांक देत नाही.

मग १९५० च्या दशकात एएनएम आली. आपली नर्सबाई. तिच्या पदनामातच प्रसाविका होती आणि सुरुवातीला तिचे मुख्य काम तेच होते. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती केले. लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, आणि या सगळ्यांची रजिस्टरे. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा निकष. कागदावर ३,००० माणसे म्हणजे फार नाहीत. पण ती धसई-मोरोशीच्या बाजूला डोंगराच्या खोबणीत पसरलेल्या पाड्यांवर राहतात. नोंदणीकृत प्रसाविका गावात आली, पण बाळंतपण सोडून बाकीच्या कामांत तिचा दिवस मावळू लागला. रात्री कळा सुरू झाल्या की हाक जाई ती सुईणीलाच.

१९७७-७८ मध्ये ग्रामीण आरोग्य योजनेतून दाई प्रशिक्षण देशभर सुरू झाले ते या पार्श्वभूमीवर. हजार लोकवस्तीमागे एक शिकलेली दाई, हे उद्दिष्ट. प्रशिक्षण कामाच्या ३० दिवसांचे, विद्यावेतन ३०० रुपये. आठवड्यातले दोन दिवस केंद्रात शिकायचे, उरलेले चार दिवस नर्सबाईबरोबर गावे फिरायची, आणि देखरेखीखाली किमान दोन बाळंतपणे करून दाखवायची. शेवटी पेटी आणि प्रमाणपत्र. पुढे केंद्रात नोंदलेल्या प्रत्येक बाळंतपणामागे १० रुपये आणि प्रत्येक बाळाच्या नोंदीमागे ३ रुपये. आजींच्या ट्रंकेतला कागद या योजनेचा. शहरात न बोलावता घराजवळ शिकवायचे, हे शहाणपण या योजनेत होते. लेडी कर्झनच्या निधीला जे जमले नाही ते इथे जमले. उणीव एकच राहिली. प्रशिक्षण संपल्यावर ती बाई कोणाच्याच यादीत व्यवसायी म्हणून उरत नव्हती.

सुईणीची बाजू घेताना खोटे लिहू नये. घाणेरड्या हत्याराने कापलेल्या नाळेतून होणारा धनुर्वात हजारो अर्भके घेऊन गेला. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ ही पंचसूत्री म्हणूनच शिकवली गेली. ती पंचसूत्री आणि गरोदर बायकांना दिलेली धनुर्वाताची लस, या दोन्हींमुळे २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. पण वार पडल्यावर सुरू झालेला रक्तस्राव स्वच्छ हातांनी थांबत नाही. त्याला औषध लागते, रक्त लागते, कधी शस्त्रक्रिया लागते. त्या घडीला सर्वांत अनुभवी सुईणही हतबल असते. आजींनीही अशी एक बाई हातची गेल्याचे सांगितले. किती वर्षे झाली हे त्यांना आठवत नव्हते. तिच्या लुगड्याचा रंग आठवत होता.

या अनुभवाचाच निष्कर्ष धोरणाने काढला. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्ती आली आणि बाळंतपण दवाखान्यातच, हा नियम झाला. महाराष्ट्रात आज ९४ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. राज्याचा मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये लाखामागे ३३ पर्यंत उतरला. त्याच काळात देशाचा ९७ होता. हे यश मोठे आहे.

पण या यशात सुईण कशी गेली ते पाहा. तिला कोणी काढून टाकले नाही. नाव काढायचे तर ते आधी नोंदलेले असावे लागते. पेटीत नवे सामान येणे थांबले, १० रुपये थांबले. आदिवासी जिल्ह्यांत नवसंजीवन योजनेखाली केंद्रावर ‘दाई बैठका’ होत, तेवढाच धागा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी येते, रस्ता संपतो तिथे रुग्णवाहिका थांबते आणि बाईला झोळी करून आणावे लागते, अशा बातम्या शहापूर-मुरबाडकडून अजूनही येतात. त्या झोळीबरोबर चालणाऱ्या, वाटेत बाळ आले तर ते झेलणाऱ्या बाईला आज नवे काही शिकवणारे कोणी नाही. जुनी बाई थकली आणि तिच्या हाताखाली नवी आली नाही.

दुसरी वाट होती का? महाराष्ट्रातच होती. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांकडून आणि सुईणींना बरोबर घेऊन घरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यांच्या १९९९ च्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. दोन्हीकडे कळीची गोष्ट एकच. शिकवणे तीस दिवसांत संपले नाही. शिकवणाऱ्यांनी त्या बायकांची नावे लक्षात ठेवली आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेले.

२०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारने प्रसाविका सेवेची नवी मार्गदर्शक सूत्रे काढली. नोंदणीकृत परिचारिकेला आणखी १८ महिने शिकवून, साधे बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करणारी प्रसाविका घडवायची. तेलंगणाने त्याआधीच असा प्रयोग सुरू केला होता. शिकवण्यासाठी परदेशांतून प्रसाविका बोलावल्या गेल्या. परदेशी शिकलेल्यांसाठी आपल्या कायद्यात दार पूर्वीपासून आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यात इतर देशांशी परस्पर मान्यतेची तरतूद होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्यातही परदेशी पात्रतेचा विचार आहे. ते योग्यच आहे. सातासमुद्रापलीकडून आलेल्या बाईचे कौशल्य पारखायची रीत आपण बसवली. डोळखांबच्या बाईचे कौशल्य पारखायची रीत बसवावी, असे मात्र १९३५ पासून आजवर कोणत्याच कायद्याला वाटले नाही.

तरी कायद्याने तिला एका कामासाठी ओळखले आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात, बाळंतपणाला हजर असलेल्या प्रसाविकेने किंवा अन्य मदतनिसाने जन्माची खबर निबंधकाला देणे हे कर्तव्य मानले आहे. जन्म नोंदवायच्या छापील नमुन्यात एक रकाना असतो, प्रसूतीच्या वेळी कोणाची मदत मिळाली याचा. सरकारी दवाखाना, खासगी दवाखाना, डॉक्टर-परिचारिका किंवा प्रशिक्षित प्रसाविका, आणि त्यांच्यानंतर चौथा पर्याय परंपरागत दाई.

पुढच्या खेपेला मी तो कोरा नमुना आजींना दाखवला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवली. त्यांनी विचारले, “इथं नाव लिवत्यात का?”

नाव लिहीत नाहीत, फक्त खूण करतात. मी तसे सांगितले. आजींनी कागद परत दिला आणि पेटी ट्रंकेत ठेवून दिली.