मुल्की आणि गैरमुल्की

पहिल्या सालारजंगाने निजामाच्या कारभारासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली. मोठ्या जागा त्यांच्याकडे गेल्या, तशी हैदराबादेत दोन नावे रूढ झाली : 'मुल्की' म्हणजे इथला, 'गैरमुल्की' म्हणजे उपरा. दोन्हीकडे मुसलमान होते. झगडा मजहबचा नव्हता, रोजीरोटीचा होता. १९१९च्या नियमांनी मुल्कीपणासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. त्या हिशेबाने बीड-परभणीचा मराठी माणूसही मुल्कीच. १९५२ मध्ये आंदोलन पेटले, गोळीबार झाला. या वेळी रोख प्रामुख्याने मद्रास प्रांताकडून आलेल्या तेलुगू नोकरदारांवर होता. १९७३ मध्ये नियम रद्द झाले, पण तेलंगणाच्या मागणीतून ती सल बोलत राहिली. आधी धर्म एक होता, नंतर भाषा एक होती. तरीही माणूस परकाच ठरला.